उंबऱ्यातला कारागीर

भूकंपानंतर लातुरात छताखाली झोपायला भिणारे पुष्कळ होते, पण आमचा हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा छताखाली बसायलाही तयार नसे. काम करायचं ते उंबऱ्यात बसून. दिल्लीच्या दरबारातलं मशीन बिघडलं असतं, तरी यानं ते आधी ओढत दारात आणलं असतं.

'आमच्या क्लासात कॉम्प्युटर बोलून शिकवतो' अशी फुशारकी मी मराठवाडाभर मारली होती. ऐन प्रवेशाच्या दिवशी आमच्या लिनक्सवर चालणाऱ्या मशीनची वाचा गेली. हदगाव-अर्धापूरहून आलेले पालक समोरच्या क्लासकडं बघू लागले. मी याला बोलावलं; यानं मशीन ओढत दारात नेऊन उघडलं.

"सर, साऊंडचं आन् नेटवर्कचं कार्ड एकाच नंबरची घंटा वाजवून राहिलेत," तो दारातून म्हणाला. "मशीननं ओ द्यावी कुणाला?" त्यानं साऊंड कार्डावरची पिन हलवून नंबर बदलला, लिनक्सला तो कळवला आणि आवाज वाढवला.

जमिनीच्या पोटातून यावी तशी घरघर उठली. पालक उड्या मारत बाहेर पळाले. सगळ्यांत पुढं हा, चपला-हत्यारं टाकून, आमचा कॉम्प्युटर छातीशी धरून! वायर निघाली आणि भूकंप थांबला. घरघर स्पीकरची होती.

"आवाज लई मोठा केला का हो?" तो ओशाळून म्हणाला.

औशाकडचे एक आजोबा पुढं आले, त्याच्या हातातला कॉम्प्युटर न्याहाळला. मग मला म्हणाले, "जीव घिऊन पळताना बी तुमची चीज सांभाळली यानं. लिहा आमच्या नातीचं नाव."

तेव्हापासून आमच्या उंबऱ्यावर त्याच्यासाठी सतरंजी अंथरलेली असते.