दोन्ही सारख्याच

प्रल्हाद खटावकरला मी सोळा वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान चार तरी त्याने कुठल्या ना कुठल्या दोन वस्तूंची तुलना करण्यात घालवली असतील. मिक्सर असो, गादी असो नाहीतर गाडीचे टायर, हा दोन दुकानांत जाणार, दोन्हीकडच्या माणसांचं डोकं खाणार, घरी येऊन लॅपटॉपवर तक्ता मांडणार आणि मग मला फोन करणार. "विनिता, फायनल करायचंय, सांग." मी सांगणार एक आणि हा घेणार त्याला हवं ते, हे सोडा. पण विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तो मूळचा कराडचा. २००७ साली मेलबर्नला आला, तो कसल्याशा खाजगी कॉलेजात कुकरी शिकायला. कॉलेज म्हणजे एका जुनाट बिल्डिंगचा दुसरा मजला. सव्वा वर्षात त्याला टाळं लागलं आणि हा फी भरलेल्या पावत्या घेऊन रस्त्यावर. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. याने फोर्कलिफ्टचं लायसन्स काढलं, वेअरहाऊसमध्ये लागला, रात्रपाळ्या केल्या, हळूहळू डिस्पॅचचा सुपरवायझर झाला. मग बायको सुचित्रा आणि लहानगी कादंबरी आल्या, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना झाला, मेलबर्नच्या पश्चिम टोकाला ट्रुगानिनात घर झालं. फक्त युनिव्हर्सिटीत शिकायचं ते राहूनच गेलं. ते तो हसत सांगायचा, पण दर वेळी सांगायचा.

मी एका युनिच्या अॅडमिशन ऑफिसात काम करते. त्यामुळे वेरिबीपासून ट्रुगानिनापर्यंतच्या समस्त मराठी मंडळींत मी 'युनिवाली विनिता'. बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो, आणि गंमत म्हणजे त्यातला एकही फोन मुलांचा नसतो. आपल्याकडे फॉर्म बाप भरतो. बाप चष्मा लावून लॅपटॉपपुढे, आई मागे कागद धरून उभी, आणि ज्याचं शिक्षण तो बाजूला बसून काहीतरी खातोय. ऑस्ट्रेलियात येऊन वीस वर्षं झाली तरी हे सुटत नाही. कादंबरीच्या अर्जाचंही तसंच. ईमेल प्रल्हादचा, मोबाइल नंबर प्रल्हादचा, पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि जन्मसाल. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर याच धंद्यातली.

२०२०च्या फेब्रुवारीत सुचित्रा कराडला गेली. वडिलांची बायपास होती, महिनाभरात परत यायचं होतं. मग विमानं बंद झाली, आणि पुढे वडिलांचीच तब्येत अशी काही ढासळली, की तिचा पाय निघेना. इकडे घरात राहिले बाप आणि बारावीतली लेक. कुकरी शिकायला आलेला हा माणूस, पण त्याला आमटी येत नव्हती! लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नव्हतं, त्यामुळे माझं घर त्याला परदेश. मी फोनवरून फोडणी शिकवायचे आणि तो पलीकडून विचारायचा, "चिमूट म्हणजे नेमकं किती?" वेअरहाऊस चालूच होतं. कामावरून आला की गॅरेजमध्येच कपडे बदलायचा, आंघोळ करायचा, आणि मग दोघं मिळून स्वयंपाक करायची. कादंबरी पोळ्या लाटायची आणि हा भाजायचा. जेवताना ती त्याला बायोलॉजी समजावून सांगायची आणि हा मान डोलवायचा.

"कादू आणि मी आता रूममेट झालोय," असं तो मला एकदा म्हणाला. सगळं शहर रडत होतं त्या वर्षी, आणि हा माणूस सुखात होता. सुचित्राची आठवण काढायचा, नाही असं नाही. पण लेकीशी एवढं बोलणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. एरवी पाळ्यांमध्ये ती मोठी कधी झाली हेच त्याला कळलं नव्हतं.

कादंबरीला फिजिओथेरपी करायची होती आणि प्रश्न दोन युनिव्हर्सिट्यांचा होता. दोन्ही सरकारी. एक घरापासून पाऊण तासावर, दुसरी अडीच तासांवरच्या एका गावात, म्हणजे तिथे हॉस्टेलवरच राहावं लागणार. प्रल्हादने तक्ता केला, बावीस ओळींचा. डिग्री तीच, वर्षं तितकीच, फी सारखीच, रँकिंगमध्ये उन्नीस-बीस. बावीस ओळी भरून हाती काय लागलं, तर बरोबरी.

इथला नियम असा, की आवडीच्या क्रमाने नावं द्यायची. ते वरून खाली बघत येतात. ज्या पहिल्या नावाला तुमचे मार्क पुरतात, ती जागा तुमची, आणि खालच्यांचा विषय तिथेच संपला. म्हणून क्रम फार महत्त्वाचा. कादंबरीने लांबची एक नंबरवर टाकली होती आणि जवळची दोनवर. निकालानंतर थोडे दिवस क्रम बदलायची मुभा असते.

ऑक्टोबरात कादंबरीने मला फोन केला होता. बापाच्या नकळत, तिच्या स्वतःच्या फोनवरून. हॉस्टेलला खोली कशी मिळते, स्वयंपाक करता येतो का, असलं विचारत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, मला तिथेच जायचंय. इथे मी कायम खटावकरांची मुलगी असते." मी हसले. अठरा वर्षांच्या मुलीने असं म्हणावंच. मी तिला सगळं नीट सांगितलं आणि खोलीसाठी अर्ज कधी करायचा तेही लिहून पाठवलं. इतकं सगळं मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

डिसेंबर संपता संपता निकाल लागला. मार्क छान होते, दोन्हीकडे पुरेसे. वर्ष उलटलं आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी प्रल्हादचा फोन आला. मी सुट्टीवर होते, घरी दोन पाहुणे आलेले, कढईत तेल तापलेलं, हात पिठाचे. फोन खांद्याने कानाला दाबून धरला होता. आवाज नेहमीचा नव्हता, हे तेव्हाही जाणवलं होतं मला.

"विनिता, एकच सांग. दोन्हीत खरंच काही फरक नाही ना?"

मी वैतागले. बावीस ओळी भरून झाल्यावर हा परत तेच विचारतोय. म्हटलं, "अरे बाबा, काही नाही. दोन्ही सारख्याच. डिग्री तीच, नोकरी तीच. डोकं नको खाऊस." तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. कादंबरीला काय हवंय ते मला ठाऊक होतं, ते जिभेवर आलंही होतं. पण म्हटलं, त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला मध्ये पडा. आणि भजी करपत होती.

त्याने काय केलं ते मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. कामावर स्मोकोला, म्हणजे दहाच्या चहाच्या सुट्टीत, फोर्कलिफ्टवर बसूनच त्याने मोबाइलवर लेकीचं खातं उघडलं. दोन नंबरच्या नावापुढचा बाण एकदा दाबला. जवळची वर गेली, लांबची खाली आली. बदल झाल्याचा ईमेल त्याच्याच पत्त्यावर आला, तो त्याने पुसून टाकला. चहा संपायच्या आत सगळं झालं होतं.

जानेवारीच्या मध्यावर ऑफर आली, जवळच्या युनिची. प्रल्हादने आम्हाला सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा हातात घेतला आणि तसाच बशीत ठेवला. माझं पोटापाण्याचं काम हेच आहे हो. तेवढ्या मार्कांवर, लांबची एक नंबरवर असताना, जवळचीची ऑफर येणं शक्यच नव्हतं. क्रम बदललेला होता. आणि कोणाला विचारून बदलला होता, तर मला. मी कादंबरीकडे पाहिलं. "इट्स फाइन, मावशी," ती म्हणाली. मी स्वतःची समजूत घातली की तिनेच मन बदललं असेल. मला ते सोयीचं होतं.

त्या वर्षी युनि कसली आणि काय! अर्धं वर्ष लॉकडाऊनच. लांबची असो की जवळची, क्लास सगळे लॅपटॉपवर. कादंबरी त्याच खोलीत, त्याच टेबलापुढे बसून शिकायला लागली. फरक एवढाच की आता दार लावलेलं असायचं. जेवायला ताट घेऊन खोलीत जायची. पोळ्या प्रल्हाद एकटाच लाटायचा आणि एकटाच भाजायचा. मी विचारलं की म्हणायचा, अभ्यास फार असतो गं तिला. भांडण नाही, तोंड फुगवणं नाही. काही विचारलं की 'फाइन, बाबा' आणि 'नो वरीज, बाबा'. ज्या सोबतीसाठी त्याने तो बाण दाबला होता ती सोबतच घरातून गेली, आणि ती का गेली ते त्याला विचारता येईना. विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

सुचित्राला एप्रिलमध्ये तिकीट मिळालं होतं. तेवढ्यात भारतातून येणारी विमानंच थांबवली. ती आली एकदम नोव्हेंबरात, एकवीस महिन्यांनी. दोनच दिवसांत तिने मला फोन केला. "विनिता, ही पोरगी घरात पाहुण्यासारखी का गं वागते? पेला उचलायच्या आधीसुद्धा विचारते." मी म्हटलं, वय आहे.

कादंबरीने त्याच महिन्यात अडीच तासांवरच्या त्या युनिला ट्रान्सफरचा अर्ज केला. स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड. अॅडमिशन झाल्यावरच घरी सांगितलं. पहिल्या वर्षातले दोन विषय परत करावे लागणार होते, तेही तिला चालत होतं. फेब्रुवारीत तिघं गाडी भरून निघाली. पातेली, इस्त्री, सुचित्राने केलेल्या चटण्या. खोली लावून झाली, सुचित्रा आत पलंगावर चादर घालत होती, आणि हा लेकीबरोबर गाडीतली शेवटची पेटी काढायला खाली पार्किंगमध्ये आला. तिथे त्याच्याने राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेरिबीला माझ्याकडे आला. स्वयंपाकघरात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. इतकी वर्षं ओळखते, पण त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याने तिला सांगितलं होतं, "कादू, तो क्रम मी बदलला होता."

ती म्हणाली, "माहितीये मला."

मग तिने पेटी खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं, मराठीत. एरवी भरभर इंग्लिशमध्ये बोलणारी पोरगी. बदल करायची मुदत संपत होती त्याच दिवसाची गोष्ट. आदल्या दिवशी तिने बापाला व्हिडिओ कॉलवर सुचित्राशी बोलताना ऐकलं होतं. तो विचारत होता, एकट्या माणसाला किती तांदूळ लावायचे. वाटी दाखवून विचारत होता, एवढे पुरतील का. ते ऐकून तिने ठरवलं, की जायचं नाही. आई येईपर्यंत तरी बाबाला एकटं टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्रम बदलायला लॅपटॉप उघडून बसली. बघते तर जवळची आधीच वर होती. खाली तारीख होती आणि वेळ होती, सकाळी दहा वाजून सात मिनिटं.

"मी राहणारच होते, बाबा," ती म्हणाली. "तू मला राहू दिलं नाहीस. ठेवून घेतलंस."

आणि पेटी उचलून वर गेली. प्रल्हादने हे मला दोनदा सांगितलं, अगदी तिच्याच शब्दांत. मग म्हणाला, "नुसतं तिला म्हटलं असतं, की मला एकट्याने राहवणार नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. लाज वाटली गं. बापाने असं कसं म्हणायचं?"

मी गॅस बंद केला. त्याला पाणी दिलं. तो भांडं हातात धरून तसाच उभा होता, आणि मग त्याने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेशही नव्हता.

"विनिता, तिला तिथे जायचं होतं, हे तुला माहीत होतं का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला तोंडच नव्हतं.

"मग मी फोन केला तेव्हा मला का नाही म्हणालीस? तेवढं एक कोणी म्हणालं असतं, तर मी तिलाच जाऊन विचारलं असतं गं."

काय सांगणार? भजी करपत होती म्हणून? तो पाणी प्यायला, भांडं विसळून जागेवर ठेवलं आणि कामावर गेला.

आता कादंबरी शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी बापाचा फोन घेते, पाच मिनिटं बोलते, सगळं फाइन असतं. सुट्टीत आली की माझ्याकडे आवर्जून येते, गळ्यात पडते. मागच्या खेपेला सुचित्रासमोर म्हणाली, "मावशी, त्या वर्षी माझं ऐकून घेणारी तू एकटीच होतीस." प्रल्हाद बाजूलाच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने मला केलेल्या त्या फोनबद्दल त्याने तिला आजवर सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.