घाटातला फाशीचा खटला

अप-डाऊन करणाऱ्या माणसाला किस्से विचारू नयेत, तो उतरूच देणार नाही! एकाच गाडीत तीच माणसं, पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं, गुडघ्याला गुडघे लागलेले आणि घाटात मोबाईलला रेंज नाही. मग माणूस एकतर बोलतो, नाहीतर भांडतो, आणि दोन्हीचा पुढे किस्साच होतो. मी अकरा वर्षं बुलडाण्याहून मोताळ्याला शाळेत जातोय. गणित शिकवतो. सगळे किस्से लिहायला बसलो तर वह्या पुरायच्या नाहीत, म्हणून आज फक्त फाशीचे सांगतो.

आमची गाडी म्हणजे रशीदभाईंची जुनी व्हॅन. बसणारे आम्ही चौघं. इतिहासाच्या गवई मॅडम माझ्याच शाळेतल्या. इंगळे सिस्टर तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात. सोनोने तहसीलमध्ये कारकून. आणि मी, खर्चे सर.

गाडी रशीदभाईंची, पण राज्य माझं!

*

माझ्या राज्यात गाडी आठ पन्नासला सुटायची. आठ एक्कावन्न नाही. खिडकीची जागा कोणाला कोणत्या वारी, याचा तक्ता मी आखून ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवला होता. गाडीत खायचं नाही, मोबाईल स्पीकरवर लावायचा नाही, आणि घाटात वाद घालायचा नाही. शेवटचा नियम रशीदभाईंमुळे. त्यांना मुद्दा पटला नाही की ते मागे वळून बोलतात!

एकदा आठ पन्नासला सोनोने रस्त्याच्या पलीकडे पानटपरीवर उभा होता. पान तोंडात, एक हात वर. मला स्पष्ट दिसत होता.

मी म्हटलं, "रशीदभाई, चला."

"सर, ते काय उभे हायेत नं!"

"पलीकडे उभे आहेत. गाडीत नाहीत."

निघालो. घाटाच्या तोंडाशी टायर पंक्चर! आम्ही सगळे खाली उतरून उन्हात उभे. तेवढ्यात मागून एसटी आली. खिडकीत सोनोने. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "अरे, थांबवा! आम्हालाही घ्या!"

सोनोनेनं पान गालात सरकवलं, घड्याळ बघितलं आणि खिडकीतून म्हणाला, "नियम म्हंजे नियम, सर!"

*

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

एका गुरुवारी इंगळे सिस्टर आल्या नाहीत. आठ पन्नास झाले. गवई मॅडम म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबू. सिस्टर कधी उशीर करत नाहीत." मी म्हटलं, "दोन मिनिटांनीच सुरुवात होते," आणि गाडी काढायला लावली.

सिस्टरांच्या शेजारणीचं पोरगं तापानं फणफणलं होतं. त्याला औषध पाजून त्या धावत चौकात आल्या, तर गाडी गेलेली. नऊची एसटी त्या दिवशी रद्द, पुढची तासाभरानं. त्याच दिवशी त्यांच्या ऑफिसला वरून तपासणी आली होती आणि रेकॉर्डच्या कपाटाची चावी सिस्टरांच्या पर्समध्ये! सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिला मेमो मिळाला त्यांना. संध्याकाळी त्या गाडीत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मला वाटत होतं, नियम माझा असला तरी चूक घड्याळाची आहे.

शुक्रवारी परत येताना गवई मॅडमनी पर्समधून चिठ्ठ्या काढल्या. "खर्चे सरांनी गाडीचं बघायचं की नाही? हो किंवा नाही लिहा."

मी हरकत घेतली. "ड्रायव्हरला मत कशाला?"

सोनोने म्हणाला, "त्यायच्याबिगर गाडी हालते का?"

चार विरुद्ध एक! ते एक मत कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. मी चिठ्ठीखाली सवयीनं तारखेसह सही केली होती.

*

माझी रवानगी मागच्या सीटवर झाली, टायरच्या वरच्या. तक्ता सोनोनेनं फाडला आणि त्यात भेळ गुंडाळून आणली.

मी जाहीर करून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत येतो. एक तारखेपासून मी एसटीनं जाणार."

कोणीच 'जाऊ नका' म्हणालं नाही. खरं सांगतो, ते मला फार लागलं. अकरा वर्षांत या माणसांइतका वेळ मी घरच्यांशीही बोललो नव्हतो. पण मानी माणूस स्वतःहून कसा म्हणणार की मला ठेवून घ्या?

सोमवारी गवई मॅडम पेपर उघडून बसल्या होत्या. दूरच्या कुठल्याशा देशात हुकूमशहाला लोकांनी गादीवरून खेचलं होतं, घाईघाईनं खटला चालवला होता आणि पहाटे फाशी दिली होती.

मॅडमनी विचारलं, "याला न्याय म्हणायचं का?"

सोनोने म्हणाला, "हाव! काऊन नाई? हजारो लोकं मारले त्यानं. त्याले काय पेढे भरवता?"

रशीदभाई आरशात बघून म्हणाले, "पर जज कोनी बसवला? ज्यायनं पकडलं त्यायनंच नं? मंग तो जज काय सोडते त्याले?"

इंगळे सिस्टर हळूच म्हणाल्या, "मले तं येकच वाटते. त्यानं कोणाकोणाले कुठं पुरलं, हे त्यालेच माहीत होतं. आता कोणाले विचारतील ती लोकं?"

घाट जवळ येत होता. मग सोनोनेच्या लक्षात आलं की मागच्या सीटवर कोण बसलंय. तो वळून म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल नाई हो चालू!"

*

पण विषय सुटेना. शेवटी मॅडमनी वर्गातली पद्धत काढली. आमच्या शाळेत वादविवादात बाजू चिठ्ठीनं ठरते, कारण मुलांना मनाविरुद्धचंही बोलता आलं पाहिजे. दोन वकील, दोन पंच, आणि न्यायाधीश रशीदभाई.

सोनोनेनं विचारलं, "रशीदभाई काऊन?"

मॅडम म्हणाल्या, "ते समोर बघतात. कोणाचं तोंड बघून निकाल देणार नाहीत."

चिठ्ठ्या उघडल्या. मला आली 'फाशी योग्यच'. गादीवरून उतरवलेला मी, आणि मीच सरकारी वकील! दुसरी चिठ्ठी सिस्टरांना. हुकूमशहाचा बचाव त्या करणार! मला हसावं की खाली उतरावं कळेना.

मी मात्र पेटलो. रोज नवा मुद्दा. तो जिवंत राहिला तर त्याची माणसं पुन्हा उठतील. मेलेल्यांच्या घरच्यांनी वाट तरी किती बघायची? आणि लहान चोराला शिक्षा होते, मग एवढ्या मोठ्या खुन्याला का सोडायचं? हा शेवटचा मुद्दा मला स्वतःलाही पटत होता आणि अजूनही पटतो. एका सकाळी मी इतक्या तळमळीनं फाशी मागितली की सोनोने म्हणाला, "सर, सोताच्या गळ्याचं माप देऊन राह्यले का?"

*

त्या खटल्यात एकदा मोठाच घोळ झाला. मी म्हणालो, "घाईचा खटला हासुद्धा खटलाच असतो," आणि ते रशीदभाईंना पटलं नाही. न्यायाधीश मागे वळले! तेही घाटात, वळणावर! समोरून कापसाचा ट्रक. आम्ही चौघं एका सुरात ओरडलो. गाडी दगडाला घासून थांबली. कोणाला काही झालं नाही.

सोनोने म्हणाला, "कोर्टानं आज सगळ्यायलेच फाशी देली असती!"

त्या दिवसापासून घाट लागला की कोर्ट तहकूब. घाट उतरलो की पुन्हा सुरू. माझ्या राज्यातला तेवढा एक नियम त्यांनी परत आणला, आणि कोणाचा नियम होता हेही मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. बरं वाटलं, दुसरं काय!

*

गवई मॅडमनी हाच प्रश्न नववीच्या वर्गात नेला. अर्ध्या पोरांचं 'लटकवा' आणि अर्ध्यांचं 'जेलात टाका' असं सुरू झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या काकाचा खून झाला होता. शेताच्या बांधावरून. केस अजून चालू आहे.

ती म्हणाली, "मॅडम, ज्यायचं माणूस गेलं त्यायले विचारा नं. आमच्या काकूले अजून कोणीच विचारलं नाई की तुले काय पाह्यजे."

मॅडमनी विचारलं, "काय पाहिजे त्यांना?"

"ती म्हंते, त्यानं येऊन येकदा म्हनावं का मी केलं. बस."

हे मॅडमनी संध्याकाळी गाडीत सांगितलं. त्या दिवशी घाट लागायच्या आधीच कोर्ट तहकूब झालं. मी सिस्टरांच्या पाठीकडे बघत होतो. सत्तावीस दिवस झाले होते मेमोला, आणि मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी चौकात सिस्टर एकट्या उभ्या होत्या. मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य एका दमात बोललो. "सिस्टर, त्या गुरुवारी माझं चुकलं. दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं. मेमो माझ्यामुळे मिळाला."

सिस्टरांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीत नका बोलू असं, सर. आरोपीनं कबुली देल्ली तं माझी केस कमजोर व्हते!"

आणि हसल्या. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यात एकमेव डाग माझा, आणि ही बाई हसली! त्यांचे आभार मानावेत असं फार वाटलं. पण सरकारी वकिलाला तशी सोय नव्हती.

त्या सकाळी त्यांनी बचावाचं शेवटचं भाषण केलं. एवढंच होतं. "माझ्या माणसानं वाईट केलं. मी नाई म्हनत नाई. पण त्याले मारलं तं त्याची सुटका व्हते. त्याले जित्ता ठेवा. ज्यायचं ज्यायचं वाटोळं केलं, त्यायच्यासमोर रोज बसवा. ऐकू द्या त्याले सगळं. हेच जड जाते माणसाले, फाशीपेक्षा."

पंच मॅडमनी डोळे पुसले. पंच सोनोने म्हणाला, "मी तं अजूनही फाशीच म्हंतो. पण सिस्टर, तुमी वकील व्हायले पाह्यजे होतं."



*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी निकाल. घाट उतरल्यावर रशीदभाईंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि पहिल्यांदाच नियमात बसेल असं मागे वळले.

"तिकडल्याचं मी काय सांगू? त्याले देऊन टाकली फाशी. ज्यायचे मेले त्यायनं म्हनावं, न्याय झाला का नाई ते. मी डायवर मानूस. मले येवढंच समजते. गाडी बराबर नाई चालवली, त्याले खाली उतरवलं, ते बराबर झालं. पर खाली उतरवल्यावर त्याच्या आंगावरून गाडी काऊन न्यायची?"

सोनोनेनं विचारलं, "म्हंजे फाशी चूक?"

"म्हंजे माह्याच्यानं नसती झाली."

मॅडमनी विचारलं, "आणि आपल्याकडच्याचं काय?"

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. चावी फिरवली. "त्याचा निकाल राखून ठेवला."

संध्याकाळी मी उतरताना सगळ्यांना हात जोडले. गाडी निघून गेली. अकरा वर्षांत मी त्या गाडीकडे मागून कधी बघितलंच नव्हतं. मागचा एक दिवा लागत नव्हता.

*

एक तारखेला साडेआठलाच बसस्टँडवर गेलो. एसटी लागलेली होती. मधल्या सीटवर बसलो, शेजारी बाजाराला निघालेली एक म्हातारी, मांडीवर मेथीचं गाठोडं. आठ पन्नासला माझं लक्ष आपोआप घड्याळाकडे गेलं. म्हटलं, आता सुटली असेल.

नऊला बाहेर हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "कोण आहे बे हा?"

दारातून इंगळे सिस्टर वर चढल्या. घामाघूम. सगळ्या सीटा बघत बघत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

माझ्या तोंडून निघालं ते हेच, "सिस्टर, दहा मिनिटं उशीर झालाय! जा तुम्ही! तुमचं ऑफिस!"

"जातो नं. निकाल ऐकून घ्या पहिले. रशीदभाईनं देल्ला."

"काय?"

"जन्मठेप. त्याच गाडीत. मागच्या सीटवर."

तेवढ्यात कंडक्टर मशीन घेऊन आला. "काका, कुठलं देऊ?"

मी तोंड उघडायच्या आत सिस्टरांनी माझ्या डब्याची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "ह्यायले तिकीट नका देऊ. हे कैदी हायेत आमचे."

सगळी एसटी वळून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या म्हातारीनं मेथीचं गाठोडं उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सिस्टरांना विचारलं, "काय केलं व बाई ह्यायनं?"

सिस्टर म्हणाल्या, "टाईमावर गाडी सोडली, मावशी."