मुस्कानच्या एकतीस फायली

मला विचाराल तर सगळा दोष रोनकचा. थोडा मुस्कानचाही, कारण तिनं त्याचं ऐकलं.

मी ज्योती, अमळनेरच्या एका धर्मादाय डायलिसिस सेंटरची सिस्टर. मुस्कान ही कापडवाल्या प्रेमचंदशेठची मुलगी. पेशंटांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तिनं एकटीनं, दुकानाच्या माळ्यावर बसून लिहिला. तोच फळ्यावरची यादी काढायचा, तोच पेशंटला मेसेज पाठवायचा. सगळा कोड एकाच फाइलमध्ये. दोन वर्षांत एक पाळी चुकली नाही!

मग दिवाळीला पुण्याहून तिचा आतेभाऊ रोनक आला. फाइल बघून फिदीफिदी हसला. "हे काय गाठोडं? प्रत्येक कामाची वेगळी फाइल पाहिजे. उद्या शंभर सेंटरं झाली तर?" अहो, शंभर कुठली? आमच्याकडे मशिनं चार! पण पोरगी ओशाळली. चालतं काम फोडत महिनाभर बसली, एकतीस फायली केल्या. पाळीचा दिवस मोजणाऱ्या ओळी आधीही दोनदा होत्या, एकदा फळ्यासाठी, एकदा मेसेजसाठी, पण एकमेकींखाली. एक बदलली की दुसरी दिसायचीच. आता त्या दोन वेगळ्या फायलींत गेल्या.

त्यातच डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा प्लांट कुरकुरायला लागला. शुक्रवारी तो दुरुस्तीसाठी बंद राहणार, म्हणून त्या दिवसाच्या पाळ्या गुरुवारी घ्यायचं ठरलं. मुस्काननं फळ्याच्या फाइलमध्ये दिवस बदलला, मेसेजची फाइल राहून गेली. भडगावच्या सुपडूआबांना मेसेज गेला: शुक्रवार. गुरुवारी ते आले नाहीत म्हणून मी फोन लावला, लागला नाही.

शुक्रवारी दुरुस्तीवाल्यांसाठी कुलूप उघडायला गेले तर आबा पायरीवर. पाय टम्म सुजलेले, धाप लागलेली, आणि आत मशिनं बंद. तसंच गाडीत घालून धुळ्याला नेलं. वाटभर त्यांचा हात धरून मी मनातल्या मनात रोनकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थोडक्यात वाचले आबा.

मुस्कान रडत आली. म्हटलं, "रडतेस काय! आधी ते तुकडे फेक." फेकले तिनं. जुनी फाइल परत लावली आणि तिच्यातून एकच गोष्ट बाहेर काढली, दिवस मोजणं. "ताई, हे दोन ठिकाणी लागतं, म्हणून एवढंच वेगळं. बाकीचं गरज पडली तर बघू." एका दुपारचं काम! त्या दीडशहाण्याला सुचू नये?

वर त्याचा फोन: "बघ, शेवटी वेगळं केलंसच ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन हिसकावून म्हटलं, "भाऊ, हे धुळ्याच्या वॉर्डात येऊन आबांना सांगा." फोनच ठेवला मेल्यानं.

आता मेसेज अगदी बरोबर जातात. तरी आबा प्रत्येक पाळीच्या आदल्या दिवशी एसटीनं भडगावहून येतात. आठवड्यातून दोनदा, त्याच सुजल्या पायांनी. दारातूनच विचारतात, "ताई, उद्या मनी पाळी शे ना?" माझी पाळी उद्याच आहे ना, एवढंच. मी फोन करून सांगते म्हटलं तरी ऐकत नाहीत. मुस्कान सेंटरवर असली तर त्यांचाच मोबाइल पुढे धरते, "आबा, बघा ना, बरोबर आलाय मेसेज." आबा तिच्या डोक्यावर हात ठेवतात, "हां बेटा," म्हणतात, आणि माझ्याकडे बघत उभे राहतात, मी हो म्हणेपर्यंत.