मामींचा ड्रायव्हर

दिल्लीत थोडी वर्षं काढली की माणसाला कशाचाही धक्का बसेनासा होतो, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या मामेसासूबाई पाहिलेल्या नसतात. माझ्या बायकोच्या या सख्ख्या मामी मयूर विहारच्या एका सोसायटीत राहतात. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी पुण्याहून येऊन नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच रुजू झालो होतो. तेव्हाचं नोएडा म्हणजे मोहरीच्या शेतांत मध्येच उगवलेल्या काचेच्या इमारती. त्यांतल्या एकीत आपल्याला खुर्ची मिळाली म्हणजे कॉम्प्युटरमधलं आपल्याला बरंच कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दार मामींनीच उघडलं. औक्षणाचं तबक असणार म्हणून मी मान झुकवली, तर त्यांच्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस होता आणि अंबाड्यात, जिथे बायका गजरा माळतात तिथे, दुसरा पेचकस खोचलेला होता. "या, या जावईबापू. जरा जपून, वायरवर पाय देऊ नका," त्या म्हणाल्या. "चलो, बरं झालं आलात. तुमच्या ऑफिसात पॅकेटं हरवतात का हो?" मी घाबरून हातातल्या मिठाईच्या पाकिटाकडे पाहिलं. ते शाबूत होतं. एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांनाही पॅकेटच म्हणतात, हे मला मागाहून सुचलं.

जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग कॉम्प्युटरने अडवला होता आणि त्याच्या डब्याचं झाकण कपाटावर पापड वाळत घालायला वापरलं होतं. "झाकण लावलेला कॉम्प्युटर म्हणजे तोंड बांधलेला पेशंट. दुखतंय कुठे ते सांगणार कसा?" हा मामींचा सिद्धान्त. मे महिन्यातली दिल्ली, घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या उघड्या डब्याकडे तोंड करून फिरत होता आणि मामा बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. मी पंख्याकडे पाहतोय हे लक्षात येताच ते शांतपणे म्हणाले, "त्याला गरम होतं." एवढ्यात वीज गेली. मामांनी इन्व्हर्टर सुरू केला, पंखा चालू झाला, कॉम्प्युटर चालू झाला, आणि आम्ही सगळे अंधारात श्रीखंड चाचपडत जेवलो. बायको माझ्या कानात म्हणाली, "सवय होईल." ती कधीच झाली नाही.

मामींचा जन्म पहाडगंजातला, शाळाही तिथलीच, मराठी. गणितात हुशार म्हणून एका सरकारी खात्याच्या संगणक विभागात चिकटल्या, जिथे मशीन खोलीएवढं असे आणि त्याला भोकं पाडलेली कार्डं भरवावी लागत. मग देशात नवे वारे वाहू लागले, खात्याने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, आणि मामींच्या मैत्रिणींनी त्या पैशातून मारुती घेतली, यमुनेपलीकडे फ्लॅट घेतले, चारधाम केलं. मामींनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारातल्या फुटपाथवरच्या दुकानातून दोन कॉम्प्युटर जोडून आणले आणि ते एकमेकांशी बोलावेत म्हणून दोन स्वस्तातली नेटवर्क कार्डं. कॉम्प्युटरवर त्यांनी लिनक्स घातलं होतं. जगभरची माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात ती ही प्रणाली. पण कार्डं त्यावर चालेनात. मामी परत दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, लिनक्स में इसका ड्राइवर ही नहीं है।"

"नहीं है तो बनेगा," मामी म्हणाल्या आणि घरी आल्या.

हे ऐकून मी हबकलो. आमच्या कंपनीत दोनशे माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही असलं काही बोलायची छाती केली नसती. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे काय, हे मामी भाजीवालीलाही समजावून सांगत. "बघ, कार्ड एक बोली बोलतं आणि कॉम्प्युटर दुसरी. मधे दुभाष्या लागतो. तो दुभाष्या मी लिहिते." तो त्यांनी खरंच लिहिला, सगळा पावसाळा खर्ची घालून. ही बातमी मी पुण्याला आईला कळवली, "मामींनी ड्रायव्हर लिहिला," तर आई म्हणाली, "गाडी कधी घेतली?"

मग तो ड्रायव्हर लिनक्समध्येच सामील व्हावा म्हणून त्यांनी लिनक्स सांभाळणाऱ्या परदेशातल्या जाणकारांच्या टोळीकडे ईमेलने धाडला. त्या टोळीचा म्होरक्या कुठल्याशा दूरच्या देशात बसून लोकांचं लिखाण सोलून काढायचा. मामींचंही त्याने काढलं, तेही "डिअर सर" अशी सुरुवात करून. "अहो, त्याला सांगा ना तुम्ही बाई आहात म्हणून," मी म्हणालो. "कशाला? ड्रायव्हरला साडी नेसवायची आहे का?" म्हणत मामींनी त्याचे आक्षेप एकेक करून निकालात काढले, आणि शेवटी त्याने ड्रायव्हर लिनक्समध्ये घेतला. यात टेलिफोनची लाइन सदानकदा इंटरनेटला जुंपलेली, त्यामुळे मामांना कोणाशी बोलायचं असलं की ते छत्री घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जात. एकदा सबंध आठवडा फोन एंगेज लागतोय म्हणून मामांचे थोरले बंधू काळजीने काळेठिक्कर पडून नागपूरहून गाडीने आले. मामींनी दार उघडलं, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आलाच आहात तर ही वायर जरा धरा." बिचाऱ्यांनी सुटकेस खाली ठेवून ती धरली.

पण खरा धक्का पुढेच होता. मामींच्या सोसायटीतल्या एका पंजाबी डॉक्टरांचं जवळच छोटं नर्सिंग होम होतं. मामींनी डोकं खाऊन त्यांच्याकडे सगळीकडे लिनक्स बसवलं, सगळीकडे तीच स्वस्त कार्डं आणि त्यांत आपला ड्रायव्हर. लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला की वरच्या मजल्यावर दिसायचा. काही दिवस बिल्कुल छान चाललं. मग ऐन दुपारी, ओपीडी सुटून सगळे रिपोर्ट एकदम निघाले की वरच्या मजल्यावरचं मशीन मुकं होऊन बसायला लागलं. एका आजींच्या रक्ताचा रिपोर्ट खाली अडकून पडला, वर डॉक्टर पडद्याकडे बघत बसले, आणि शेवटी आजींची सून जिने धावत उतरून कागद वर घेऊन गेली म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी डॉक्टर मामींच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "मैडम, आज माताजी बच गईं। सोमवार तक ठीक नहीं हुआ तो मैं सब निकलवा दूँगा।"

डॉक्टर गेल्यावर मी मामींना आमच्या ऑफिसातली रीत सांगितली. "कार्डच खराब आहे म्हणा. आमच्याकडे आधी तेच म्हणतात."

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली श्रीखंडाची रिकामी वाटी उगाच पुन्हा चाटली. "कार्ड मुकं झालं, जावईबापू. का झालं ते त्याला विचारायला नको?"

दुसऱ्या दिवसापासून त्या जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि पेचकस घेऊन नर्सिंग होमच्या वरच्या मजल्यावर मशीनसमोर ठाण मांडून बसल्या. ड्रायव्हर पावलोपावली काय करतो ते पडद्यावर छापेल अशी व्यवस्था त्यांनी केली होती. मी रविवारी गेलो तेव्हा पेशंटांच्या नातेवाइकांनी त्यांना आपल्यातच धरलं होतं. त्याच आजींची सून मायेने विचारत होती, "आंटी, आपका मरीज़ कौन सा है?"

"वो कोने में," मामींनी कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट केलं.

"हाय राम! क्या हुआ है?"

"खाना पेट भर के खा लेता है, फिर साँस रोक के बैठ जाता है।"

सून हबकून डब्याकडे बघत राहिली. मामी मात्र एकदम थांबल्या. आपणच काय बोललो ते त्यांनी पुन्हा मनाशी म्हटलं असावं. त्यांनी पडद्यावरच्या ओळी मागे सरकवल्या, वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि स्वतःच्या कपाळावर असा सणसणीत हात मारला की नर्स धावत आली. "मी गाढव आहे!" मामी मराठीत ओरडल्या. मला हाताला धरून त्यांनी समजावलं. येणारा माल ठेवायला कार्डाला काही खण दिलेले असतात. खण भरले की कार्ड थांबतं. ड्रायव्हरने खण रिकामे करायचे आणि कार्डाला सांगायचं, आता पुन्हा घे. "मी खण रिकामे केले हो. पण पुन्हा घे, हे सांगितलंच नाही! ते बिचारं हुकमाची वाट बघत बसलंय."

एका ओळीची दुरुस्ती होती. ती करून मामींनी नर्सिंग होममधल्या सगळ्या मशीनांवरून सगळे जुने रिपोर्ट एकदम वरच्या मजल्यावर सोडले. डॉक्टर हाताची घडी घालून मागे उभे. मशीन थबकलं, आणि पुन्हा चालू लागलं. पुन्हा थबकलं, पुन्हा चाललं. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी हात सोडले आणि "चाय पिलाओ मैडम को" म्हणाले.

चहा न घेता मामी त्या आजींच्या खाटेपाशी गेल्या. "माताजी, उस दिन आपका रिपोर्ट मेरी ग़लती से रुका था," त्यांनी हात जोडून सांगितलं. आजींना काहीच उमगलं नाही. त्यांनी सोललेल्या संत्र्याची फोड मामींच्या हातावर ठेवली. "खा ले बेटी, मुँह सूख गया है तेरा।" मामींनी ती उभ्याउभ्याच खाल्ली आणि डोळे पुसले.

घरी आल्यावर त्यांनी टोळीला पत्र लिहिलं. ते त्यांच्या खांद्यावरून वाचताना मला घाम फुटला. चूक माझी आहे, तिच्यामुळे एका आजारी बाईचा रिपोर्ट अडकला, सर्वांनी ताबडतोब नवा ड्रायव्हर घ्यावा, असं त्यात साफ लिहिलं होतं.

"मामी, हे जगभर जाईल! कायमचं राहील तिथे! नुसतं 'सुधारणा केली' म्हणा ना."

"अच्छा? आणि दुसऱ्या कुठल्या गावात दुसरी आजी असेल, तिचं काय?" असं म्हणून त्यांनी पत्र सोडलंसुद्धा. ज्याच्याकडून शाबासकीची कोणी आशा धरत नसे, त्या म्होरक्याचं उत्तर आलं. दुरुस्ती घेतली, आभार, एवढंच. मामींनी त्या दिवशी पंखा पहिल्यांदा मामांकडे वळवला.

पुढे वर्षं गेली. नोएडातली मोहरी संपली, मयूर विहारच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली, आणि मी तीन कंपन्या बदलल्या. मध्यंतरी एकदा गेलो तर मामी सहज म्हणाल्या, "आपला ड्रायव्हर काढून टाकला हो लिनक्समधून." मी खुर्चीतून उठलोच. कोणी काढला, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मीच. ती कार्डं आता कोण वापरतंय? फुकट दुसऱ्यांना सांभाळत बसावं लागतं." एवढा पावसाळा घातलेला, एवढं कपाळ बडवून घेतलेलं, आणि वाईट वाटायचं काम माझ्या एकट्याकडे. पण काढल्यावर त्यांना एक ईमेल आली होती. दूरच्या कुठल्याशा थंड मुलखातल्या खेड्यात एक म्हातारे गृहस्थ वाचनालय चालवत. त्यांच्या जुन्या मशीनमध्ये तेच कार्ड होतं. आता माझं कसं होणार, असं त्यांनी भीतभीत विचारलं होतं. नियम म्हणजे नियम, ड्रायव्हर काही परत आत गेला नाही. पण लिनक्सची नवी आवृत्ती निघाली की मामी आपला ड्रायव्हर त्या आवृत्तीला जुळवून घ्यायच्या, घरच्या जुन्या कार्डावर चालवून पाहायच्या आणि त्या एका माणसाला पाठवायच्या. ते दर वेळी उलट लिहीत, वाचनालय उघडं आहे, बर्फ पडतंय, वगैरे.

परवा गेलो तेव्हा मामी जरा थकलेल्या वाटल्या. वाचनालयवाल्यांचं काय म्हणणं, असं मी विचारलं. गेल्या दोन्ही खेपांना उत्तर आलेलं नाही, असं कळलं.

"कार्ड गेलं असेल," मामी म्हणाल्या. "जुनी झाली की जातात हो अशीच."

मी "असेल" म्हणालो. मग मामींनी चष्मा लावला, आणि नवी आवृत्ती निघाली आहे का ते पाहू लागल्या.