सॅक्सन, अरब आणि मधला मी

"अँग्लो-सॅक्सन म्हणजे इंग्लंडचे मूळचे लोक," असं मी अमेरिकेतल्या आमच्या अल्बनीच्या घरात सोफ्यावर मांडी ठोकून ठणकावून सांगितलं. पंधरा वर्षांच्या लेकीला शाळेत प्रेझेंटेशन द्यायचं होतं: सुरुवातीचे अरब विजेते आणि अँग्लो-सॅक्सन, तुलना करा. तालमीला प्रेक्षक आम्ही तिघं. मी, बायको आणि पुण्याहून आलेली माझी आई.

"डॅड, दे केम इन बोट्स!"

म्हणजे इंग्रजसुद्धा बाहेरून आलेले? इतिहासात बरे मार्क मिळवलेला माणूस मी. गार पडलो.

आईला इंग्रजी येत नाही. नातीला मराठी कळतं, पण ती बोलते इंग्रजीच. दुभाषा अर्थातच मी. रविवारी आईचं परतीचं विमान होतं, आणि नातीच्या तोंडून चार मराठी वाक्यं ऐकायची तेवढी तिची राहिली होती.

लेक सांगत होती, अरबांनी इजिप्त जिंकलं, पण आधी ते आपल्या छावण्यांतच वेगळे राहिले. लोकांनी त्यांचा धर्म घेतला तो हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या. सॅक्सनांचं उलटं. मुलूख जिंकला आणि पुढे धर्म मात्र दुसऱ्यांचा घेतला. मी भाषांतर करत होतो, वर पदरचा मसालाही घालत होतो.

"आणि इंग्लंडातल्या आधीच्या लोकांची भाषा गं?" आईनं थेट नातीलाच विचारलं.

लेक स्लाइड बदलता बदलता इंग्रजीत म्हणाली, सगळे काही मारले गेले नाहीत, पुष्कळ जण तिथंच राहिले. आईबापांना वाटलं, मुलांना नवी भाषा आली तर त्यांचं बरं होईल. मग आज्यांची भाषा नातवंडांना बोलता येईना.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"काय म्हणाली रे?"

"लढाया फार झाल्या म्हणते."

"डॅड! दॅट्स नॉट व्हॉट आय सेड!"

"मग तूच सांग की, बाळा," आई म्हणाली.

लेकीनं तोंड उघडलं. "आजी, ते..." म्हणाली आणि अडली. तेवढ्यात मी सवयीनं सुरू झालो. या वेळी सगळं खरं सांगितलं. आई "अगंबाई" एवढंच म्हणाली आणि नातीकडे बघत बसली.

नंतर डिशवॉशर लावताना बायको म्हणाली, "रविवारपर्यंत तू त्या दोघींच्या मधे बसू नकोस. ती 'आजी' म्हणाली होती. अजून थोडं थांबला असतास तर पुढचंही म्हणाली असती."