सशाची वाट

गेल्या हिवाळ्यात नागोयाहून बर्फ बघायला डोंगरातल्या एका गावी गेलो होतो. तिथे एक आजी सशांसाठी तारेचे फास लावत होत्या. फास झुडपाला बांधायच्या, बर्फाच्या वर मूठभर उंच आहे ना, हे खरोखर मूठ धरून बघायच्या आणि स्वतःवरच खूश होऊन खुदकन हसायच्या. आधी लावलेले सगळे फास मात्र रिकामे होते.

"ससा रोज त्याच वाटेने जातो, म्हणून सापडतो," त्या म्हणाल्या. "पण हल्लीचे ससे शहाणे झालेत. वाट बदलतात. तुम्ही ऑफिसला कसे जाता?"

"सबवेने," मी माझ्या मोडक्या जपानीत ऐटीत सांगितलं. "रोज तिसरा डबा, दुसरं दार. उतरलं की समोरच सरकता जिना."

आजींनी हातातला फास उचलला, एक डोळा मिटला आणि लांबूनच माझ्या गळ्याचं माप घेतलं.

"थोडा मोठा करावा लागेल."

सोमवारी मी मुद्दाम पाचव्या डब्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. गाडी आली आणि मी धावत जाऊन तिसऱ्यातच चढलो. दाराच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची दोरी होती. आजींनी सांगितल्यासारखीच, थोडी मोठी.