पाहुणे गेल्यानंतरचा उन्हाळा

हिरूवहिनी गेली ती मे महिन्यात, घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं असताना. मी बोईसरला शाळेत शिकवते. सुट्टी होती म्हणून तिथल्या माझ्या घरीच होते. सकाळी तिचा मुलगा प्रशांत स्कूटरवरून आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, आई गेली." चहाचं आधण ठेवलं होतं, जरा भिंतीला टेकून बसली ती बसलीच, असं तो सांगत होता. मी पदर डोळ्यांना लावणार, तेवढ्यात तो घुटमळला. "आत्या, घरात एवढी मानसं हायत… दुपारच्या जेवणाचं काय करायचं?" माझे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. बाई जाऊन तासही झाला नव्हता आणि त्या घराला पहिला प्रश्न पडला होता तो हा. मयताच्या घरी शेजारी पिठलं-भात आणून देतात, एवढंही कुणाला आठवेना, कारण त्या घरात जेवण म्हणजे हिरूवहिनी, दुसरं काही असतं हे कुणाच्या गावीच नव्हतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर वाडीत मांडवाखाली सगळे बसले आणि माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बोलायला उभा राहिला. दादा मुंबईकर. कापड गिरणीच्या ऑफिसात जन्म काढला, पण भाषण करायची संधी मिळाली की त्याचा आवाज मंत्र्यासारखा होतो. "आमची हिरू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा," तो म्हणाला. "तिला माणसांची हौस फार. आम्ही आलो की तिचा चेहरा कसा फुलायचा…" मग एकेकजण उठला आणि आपापला उन्हाळा सांगू लागला. विहिरीत पोहलो, सुरूच्या बनात हुंदडलो, आंब्यांनी बादल्या भरलेल्या असायच्या, समुद्रावरून आलो की गरम गरम भाकऱ्या तयार. त्या बादल्या कोण भरत होतं, आणि भाकऱ्या काय झाडाला लागत होत्या काय, हे एकाही तोंडातून आलं नाही. मला हसू आवरेना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तर शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

अन्नपूर्णा! वहिनीला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा होता. माणसांची हौस तर मुळीच नव्हती. पाहुण्यांना ती 'टोळ' म्हणायची. हे मला ठाऊक आहे, कारण लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढची सात-आठ वर्षं तिच्या मनातलं ती फक्त मलाच सांगायची. आमचं घर माहीमला. केळव्याजवळचं माहीम, मुंबईचं नव्हे; हे सांगावं लागतं, कारण दादाच्या बिऱ्हाडाला आपल्याच गावाचं नाव उच्चारताना लाज वाटे, ते नुसतं 'नेटिव्ह' म्हणत. वाडी, विहीर, नारळी, केळी, थोडे आंबे. वडील, म्हणजे आबा, झोपाळ्यावर. मधला भाऊ नाना, वहिनीचा नवरा, वाडीत. नाना भला माणूस होता, म्हणजे कुणालाही कशालाही 'नाय' म्हणू न शकणारा. असल्या भल्या माणसाशी संसार करणं काय असतं ते त्याच्या बायकोला विचारावं. एप्रिलची परीक्षा संपली की दादा, मोठी वहिनी, त्यांची चार मुलं, मोठ्या वहिनीच्या बहिणीची मुलं, आणि दरवर्षी एखादा नवाच कुणीतरी, असे टांग्यांतून उतरत. दादा अंगणात पाय ठेवताच छाती भरून श्वास घेई आणि म्हणे, "गावची मजा काही औरच!" मग ती मजा दीड महिना चाले. दुपारी जेवून आडवं होताना मोठी वहिनी रोज विचारी, "हिरू, संध्याकाळी काय करतेयस गं?" सकाळची भांडी अजून विहिरीवर पडलेली असत.

पण मेच्या शेवटी वह्या-पुस्तकं घ्यायला म्हणून ही मंडळी परतत, आणि पाऊस यायला अजून आठ-दहा दिवस असत. ते दिवस वहिनीचे. उन्हाळ्याच्या गोष्टी सगळेच सांगतात, हा उन्हाळा मात्र फक्त आम्हा दोघींना माहीत. टांगा वळणाआड गेला की वहिनी पदर खोचलेला सोडायची, ओट्यावर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "गेले गं बाय… आता आपला उन्हाळा चालू." त्या दिवसांत ती सकाळीच पिठाचं पाणी करून आंबील ठेवायची; ज्याला भूक लागेल त्याने ती प्यावी, नाहीतर झोपावं. आबा कुरकुरत. ती म्हणे, "उन्हाळा हाय आबा, पोटाला थंड बरं असतं." आबांना वैद्यकीचा मोठा नाद, त्यामुळे ते वाटी पुढे करत.

मग आमचे पराक्रम. ऐन दुपारी, गाव झोपलेलं असताना, आम्ही जुनेर नेसून समुद्रात कमरेइतक्या पाण्यात जाऊन नुसत्या बसायचो. आमचा समुद्र चिखलाचा, त्याचं कौतुक करण्याजोगं काही नाही. वहिनी लग्नानंतर पाच वर्षं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिली होती आणि त्यात तिचा पाय भिजला नव्हता. पाहुण्यांचे ओले कपडे मात्र रोज धूत होती. पहिल्यांदा बसली तेव्हा तिने ओंजळभर पाणी उचलून पाहिलं. मग म्हणाली, "एवढंच? याच्यासाठी येतात होय ते मेले!" आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही. एकदा एस.टी.ने बोईसरला गेलो. तेव्हा तिथे कारखाने नुकते उभे राहत होते, रस्ते उकरलेले, हवेत कसलासा आंबूस वास. एका हॉटेलात कसाटा आइस्क्रीम मिळतं असं मी कॉलेजात ऐकलं होतं. आजूबाजूला सगळे कामगार. दोन बायका एकट्याच आइस्क्रीम खाताहेत म्हणून टक लावून बघू लागले. वहिनीने चमचा वर धरून एकाला विचारलं, "क्या देखता हाय? कबी खाया नाय?" तो बिचारा चहा टाकून उठला. कसाट्यावर तिने निकाल दिला, "रंग तीन, चव एकच." तरी वर्षाला एकदा ते खाल्ल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पावसाळ्याची सुकी मासळी घ्यायचं निमित्त करून सातपाटीलाही जायचो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत बसायचो, आणि तिथली ओळखीची मासळीवाली वाकटी भाजून हातावर ठेवायची. "काय गो, गेले तुजे पावने?" ती दर वर्षी विचारी. वहिनी म्हणे, "गेले. सांडलवंड पुसून आलंय."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र घात झाला. मेच्या अखेरीस जेवताना दादाने जाहीर केलं की मुलांच्या शाळेचं काही काम निघालंय, शाळा उशिरा उघडणार, तेव्हा या वर्षी आणखी पंधरा दिवस मुक्काम. नाना म्हणाला, "व्हय, व्हय, र्‍हावा की!" वहिनी वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली, आमटीचे दोन थेंब दादाच्या ताटाबाहेर पडले, बस. मला वाटलं संपलं, पंधरा दिवसांनी पाऊस येणार, हिचे दिवस या वर्षी गेले. दिवस कसले, वर्षभर ज्याच्याकडे डोळे लावून ती जगायची ते सगळंच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी ओट्यावर चहा घेत बसली होती. आतून वहिनी आली ती वानोळा घेऊन. नारळ, पापड, लोणच्याची बरणी, सुके बोंबील, सगळं पिशव्यांत भरून बांधलेलं. पिशव्या तिने पायरीवर ओळीने मांडल्या, हळदकुंकवाची कोयरी आणली, आणि मोठ्या वहिनीच्या हातात कप असतानाच तिच्या कपाळाला कुंकू लावून, पदरात नारळ-तांदूळ घालून तिची ओटी भरली. "या आता पुढच्या वर्षी," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. आमच्या घरात सासुरवाशिणीची ओटी भरली की तिने त्या घरात पुन्हा बसायचं नाही, तसंच निघायचं. हा नियम कुणाचा? खुद्द आबांचा. ते समोर झोपाळ्यावर. झोपाळा थांबला. स्वतःचा नियम मोडायचा कसा? दादा लुंगीत उभा, तोंडात दातवण. मोठी वहिनी पदरातला नारळ सावरत उभीच राहिली, कारण बसायची चोरी. दुपारी टांगे गेले. त्या संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रात एवढ्या हसलो, की पाणी नाकातोंडात गेलं.

दादा काय गप्प बसतो? चार दिवसांत त्याने गावच्या एका माणसाकरवी निरोप धाडला, की हिरूने घरी येऊन माफी मागितल्याशिवाय आम्ही गावात पाऊल ठेवणार नाही. वास्तविक यावर पेढे वाटायला हवे होते. पण आबांचा तो थोरला, मुंबईचा, मनीऑर्डर न पाठवताही ज्याचा मान पाठवणाऱ्याहून जास्त असा मुलगा. त्यांनी वहिनीला समोर उभं करून सांगितलं, "जाऊन पाय धर, नायतर दातिवऱ्याची वाट धर." दातिवरे तिचं माहेर. तिथे भाऊ-भावजय आणि दीड खोली. आबा बोलले ते करणारे होते. नाना खांबाला नख लावत उभा होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा वहिनीला घाबरलेलं पाहिलं. रात्रभर कूस बदलत होती. सकाळी उठली तेव्हा मात्र चेहरा एकदम शांत. "चल गं," मला म्हणाली, "चार लुगडी घे बरोबर." मी म्हटलं, माफी मागायला चार लुगडी कशाला? ती पिशवी शोधू लागली.

दादाची दादरला दोन खोल्यांची जागा. वहिनी आत गेली, दादाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "चुकलं माजं, भावोजी. तुमी पावने, तुमाला मी लवकर लावून दिलं. असं करू नये मानसानं." दादा प्रसन्न झाला, उपदेशाला सुरुवात करणार, तेवढ्यात वहिनी उठून खुर्चीवर बसली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "मुंबईची मजा काय औरच!" …आणि राहिली. आठवडाभर राहिली. सकाळी चहा हातात येईपर्यंत उठायची नाही. दुपारी जेवून खाटेवर आडवी व्हायची आणि डोळे मिटता मिटता विचारायची, "वयनी, संध्याकाळी काय करताय?" अंघोळ करून ओलं लुगडं मोरीत तसंच ठेवायची. राणीच्या बागेत गेली, चौपाटीवर भेळ खाल्ली, घरी येऊन म्हणाली, "भाकऱ्या गरम हायत ना?" मी शरमेने आणि आनंदाने अर्धमेली झाले होते. मोठी वहिनी भांडी आपटायची; वहिनी कौतुकाने म्हणायची, "किती हौस गं तुमाला मानसांची!" अखेर एका सकाळी मोठी वहिनी स्वतःच कुंकू आणि नारळ घेऊन आली. ओटी भरली. वहिनीने नारळ पदरात घेतला आणि क्षणभरही खाली न बसता निघाली. घरी आल्यावर आबांच्या पुढ्यात तो नारळ ठेवला. "माफी मागितली. त्यांनी मानानं ओटी भरली." तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत, आबा गेले, नाना गेला, दादाला नातवंडं झाली, तरी मेच्या शेवटच्या तारखेला ती मंडळी न सांगता सामान बांधायची.

या वर्षीही बांधलं. अन्नपूर्णेचा मोठा फोटो करून हॉलमध्ये लावायचा, त्याला दिव्यांची माळ सोडायची, असं ठरवून आणि पैसे कुणी द्यायचे ते न ठरवता मंडळी गेली. मी माहीमला राहिले. पाऊस यायचा होता. दुसऱ्याच दिवशी कोठीच्या खोलीतून वास आला. भाताच्या कणगीमागे, फाटक्या गोणपाटांखाली, पेंढ्यात आढी होती. उशिरा उतरणाऱ्या रायवळ झाडाचे आंबे, ती जायच्या एक-दोन दिवस आधी घातलेले असणार. पाहुणे निघून जातील तेव्हा पिकावेत, अशा बेताने घातलेले. घरात सोळा माणसं जेवत असताना, विहिरीपासून चुलीपर्यंत खेपा घालत असताना, हिने आपल्या दिवसांची तयारी करून ठेवली होती… आणि तेच तिला मिळाले नाहीत. काही आंबे उतरले होते. बाकीचे नेमके तयार होते. त्या तेरा दिवसांत मला रडू आलं नव्हतं, ते तिथे, कणगीला पाठ लावून आलं, आणि रडत रडत मी एकामागून एक आंबे चोखू लागले. कापले नाहीत, ताटली घेतली नाही, रस कोपरापर्यंत आला. दार लोटलेलं होतं. बाहेरून प्रशांत म्हणाला, "आत्या, मुंबईहून मोठ्या काकांचा फोन हाय. शेवटचे आंबे राहिलेत काय, विचारतात. राहिले असतील तर मानूस पाठवतो म्हणाले."

मी उठून दाराला आतून कडी घातली.

"संपले म्हणून सांग," मी म्हटलं. तोंड भरलेलं होतं, पण त्याला कळलं असावं.